तुम्ही तिथे नसतानाही चालायला हवं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी कळव्याला राहतो आणि ऐरोलीत एका आयटी कंपनीत नोकरी करतो. आमच्या सोसायटीची गच्चीवरची टाकी दर दोन-तीन दिवसांनी भरून वाहते. टाकीतली पातळी मोबाइलवर दाखवणारं आणि टाकी भरली की पंप बंद करणारं यंत्र मी घरी जोडलं आहे. बादलीत ठेवून पाहिलं, छान चालतं. आता याचं विकता येईल असं प्रॉडक्ट कसं करायचं? पेटंट आधी काढू का? प्लास्टिकच्या खोक्याच्या डायला, म्हणजे पोलादी साच्याला, किती खर्च येईल? आणि नोकरी कधी सोडू?"

मी या कामात २७ वर्षं आहे. पहिली नऊ वर्षं वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात काढली, त्यानंतर रबाळे एमआयडीसीत स्वतःचा गाळा. लोक कल्पना घेऊन येतात. आम्ही आधी एक सॅम्पल करतो, मग पाच, मग पन्नास. तुमच्यासारखा प्रश्न महिन्यातून एकदा तरी समोर येतो. बरेचदा विचारणाऱ्याचं डोकं चांगलं असतं आणि सर्किटही बरोबर असतं, पण पैसे चुकीच्या क्रमाने खर्च होतात. म्हणून तुमचे प्रश्न मी माझ्या क्रमाने घेणार आहे. पेटंट आणि डाय शेवटाकडे येतील.

आधी बादलीबद्दल. बादलीतलं यंत्र चालतं तेव्हा तुम्ही शेजारी बसलेले असता. वायर सैल झाली तर तुमचा हात आपोआप तिकडे जातो. आकडा विचित्र आला तर तुम्ही रिसेट दाबता आणि विसरूनही जाता. म्हणजे त्या यंत्राचा एक भाग तुम्ही स्वतः असता. माझ्या लेखी प्रॉडक्ट म्हणजे बनवणारा तिथे नसताना चालणारी वस्तू. जुलैतल्या रात्री दोन वाजता, गच्चीवर पाऊस कोसळत असताना, तुमचं नावही माहीत नसलेल्या वॉचमनच्या हातात ती चालली पाहिजे. पुढे जे काही सांगतो ते सगळं या एका कसोटीला धरून आहे.

तुमचं पहिलं काम सोल्डरिंग गनशिवायचं आहे. एक आठवडा वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसा. शक्यतो तुमच्या सोसायटीत नको, तिथे तुम्ही 'आपला मुलगा' आहात. ओळखीतून दुसरी सोसायटी शोधा. पाणी येण्याच्या वेळी बसा, वही ठेवा, आणि यंत्राचा विषय काढू नका.

काही वर्षांपूर्वी याच कामासाठी मी वर्तकनगरच्या एका सात मजली इमारतीत पाच दिवस गेलो होतो. तिथले वॉचमन काका साठीच्या आसपासचे. पंप सुरू केला की ते खुर्चीत बसायचे आणि थोड्या थोड्या वेळाने उठून खाली उतरणाऱ्या ओव्हरफ्लोच्या पाइपवर तळहात ठेवायचे. पाइप गार लागला की पंप बंद. मी विचारलं, "काका, टाकी वाहिली तर काय होतं?" ते म्हणाले, "वाहिली तर सेक्रेटरी साहेब ओरडतात. पण मोटर जळली तर माझा पगार कापतात." मग त्यांनी पंपरूममधली नोंदवही दाखवली. त्यात दीड वर्षात मोटर तीन वेळा रिवाइंडिंगला, म्हणजे आतली जळलेली तार नव्याने गुंडाळायला, गेल्याची नोंद होती. कारण एकच. महापालिकेचं पाणी कमी दाबाने आलं, खालची टाकी पुरती भरली नाही, पंपाने हवा धरली आणि मोटर कोरडी फिरत राहिली.

ही नोंदवही मला कुठल्याही सर्व्हेपेक्षा मोलाची वाटते. मी गच्चीवरचं वाया जाणारं पाणी वाचवायला गेलो होतो. सोसायटीच्या खिशाला भोक पडत होतं ते खालच्या टाकीत. मोटर जळली की वाइंडरचं बिल, दोन दिवस टँकर आणि चाळीस घरांच्या शिव्या. ओव्हरफ्लोचं पाणी मात्र कुणाच्याच बिलात दिसत नव्हतं. तुमच्या कल्पनेतही खालची टाकी नाही. मला वाटतं ती आधी यायला हवी.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. या यंत्राला तीन मालक आहेत. वापरणार वॉचमन, पैसे देणार कमिटी, आणि बिघडलं की उघडणार सोसायटीचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन. या तिघांपैकी मोबाइल ॲप फक्त कमिटीतल्या एखाद्या हौशी सभासदाला हवं असतं. वॉचमनला लांबून दिसणारे तीन दिवे हवेत: हिरवा, पिवळा, लाल. आणि इलेक्ट्रिशियनला हवा असतो ऑटो-मॅन्युअल स्विच. हा स्विच विसरलात तर तुमचं यंत्र पहिल्याच बिघाडात भिंतीवरून उतरलं म्हणून समजा. सकाळी सहाला पाणी चढत नसेल तर इलेक्ट्रिशियन तुम्हाला फोन करत बसणार नाही. तो तुमच्या दोन वायरी काढून जुन्या स्टार्टरला थेट जोडेल, आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून तो मार्ग तुम्हीच त्याला सन्मानाने द्या: स्विच मॅन्युअलवर टाकला की तुमचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स बाजूला आणि पंप पूर्वीसारखा चालू.

घोडबंदर रोडला गेलात तर आणखी वेगळं चित्र दिसेल. तिथल्या बऱ्याच सोसायट्या टँकरवर अवलंबून असतात. एका सोसायटीचे खजिनदार मला म्हणाले, "पंपाचं सोडा हो, टँकर खरंच दहा हजार लिटरचा होता का ते सांगणारं काही आहे का?" मी तिथेच गणित मांडून दाखवलं. त्यांची खालची टाकी आतून चार मीटर बाय पाच मीटर, म्हणजे क्षेत्रफळ २० चौरस मीटर. १०,००० लिटर म्हणजे १० घनमीटर. पंप बंद ठेवून टँकर रिकामा केला तर पातळी बरोबर ५० सेंटिमीटर चढली पाहिजे. ४२ चढली तर ८,४०० लिटर आले. हे एवढं गणित कागदाच्या चिठ्ठीवर छापून देणारं यंत्र त्या गृहस्थांनी त्याच दिवशी घेतलं असतं. सेन्सर तोच, पाणी तेच, पण विकत घेण्याचं कारण पूर्ण वेगळं. तुमच्या हातातल्या वस्तूला असं कुठलं कारण चिकटतंय हे आठ-दहा सोसायट्या फिरल्याशिवाय कळत नाही.

आता सेन्सर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अशा कल्पना मेलेल्या मी पाहिल्या त्या बहुतेक इथेच.

तुम्ही लिहिलं नाही, पण बादलीत चालतं म्हणजे बहुधा अल्ट्रासॉनिक सेन्सर असेल, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळतो तो. त्याचं काम आवाजाच्या वेगावर चालतं. २० अंश सेल्सिअसला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि तापमान एक अंशाने वाढलं की तो साधारण ०.६ मीटरने वाढतो. गच्चीवरच्या टाकीत पहाटे आणि भर दुपारी २० अंशांचा फरक पडला तर दोन मीटरच्या मापात सुमारे सात सेंटिमीटरची चूक येते. शेजारी तापमानाचा सेन्सर बसवून ती दुरुस्त करता येते, तो सोपा भाग. खरा त्रास वाफेचा. बंद टाकीत सेन्सरच्या तोंडावर पाण्याचे थेंब जमतात आणि आकडे उड्या मारू लागतात. शिवाय वॉटरप्रूफ प्रकारच्या स्वस्त सेन्सरला तोंडाजवळचे २० ते २५ सेंटिमीटर दिसतच नाहीत. टाकी काठोकाठ भरत आली की नेमकी तिथेच ती आंधळी जागा येते, आणि पंप बंद करायची वेळही तीच असते.

दुसरा मार्ग, टाकीत धातूच्या सळया सोडायच्या आणि पाण्यातून वीज जाते का ते पाहायचं. स्वस्त आणि साधा मार्ग. माझी सगळ्यात महाग शिकवणी इथेच झाली. गाळा घेतल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी एका कंत्राटदाराला मी असे ४० नग दिले. सळयांना सरळ डीसी व्होल्टेज दिलं होतं. गाळ्यावरच्या पिंपात तीन आठवडे चालवून पाहिलं होतं, काही बिघडलं नव्हतं. चार महिन्यांनी पहिला फोन आला, मग रोज एक येऊ लागला. टाकीतून सळई वर काढली तर ती पेन्सिलीसारखी निमुळती झाली होती, वर हिरवट-पांढरा थर. पाण्यातून एकाच दिशेने प्रवाह सोडला की एका सळईचा धातू विरघळत जातो, हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. चाळीसही नग परत घेतले. त्यानंतर स्टेनलेस स्टीलच्या सळया आणि दिशा सतत उलटसुलट होणारा प्रवाह, तोही सतत नाही, मिनिटातून क्षणभर वाचन घेण्यापुरता. तो नमुना अजून काही ठिकाणी चालू आहे.

तिसरा मार्ग तळाशी दाबाचा सेन्सर. एक मीटर पाणी म्हणजे साधारण ०.१ बार दाब. वाफेचा त्रास नाही, आंधळी जागा नाही. पण तळाला गाळ बसतो आणि टाकी धुणारे लोक वायर ओढून बाहेर टाकतात. चौथा, चुंबक असलेला फ्लोट आणि नळीत ठरावीक उंचीवर रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आला की जुळणारा छोटा स्विच. चारच पातळ्या सांगतो, पण वर्षानुवर्षं सांगतो. तुमच्या पहिल्या पन्नास नगांसाठी मी हाच निवडला असता. टाकी ६३ टक्के भरली की ६४ याने वॉचमनच्या दिवसात काहीच बदलत नाही. टँकर मोजायचा असेल तर मात्र दाबाचा सेन्सर लागेल, तिथे सेंटिमीटरला किंमत आहे.

खालच्या टाकीसाठी एक युक्ती सांगतो. पंप कोरडा फिरू लागला की मोटरवरचा भार उतरतो आणि ती कमी करंट घेते. मोटरच्या एका फेजच्या वायरीवर करंट ट्रान्सफॉर्मरची, म्हणजे वायरीतला करंट मोजणारी, छोटी कडी घाला. पाणी असतानाचा करंट एकदा नोंदवून ठेवा. तो ठरावीक हद्दीखाली काही सेकंद राहिला की पंप बंद. खालच्या टाकीत सेन्सरच नको, ओल्या जागेत वायर नको. वर्तकनगरच्या त्या काकांच्या पंपाला मी हेच बसवलं.

मग प्रश्न येतो वरून खाली निरोप पोचवण्याचा. घरात वायफाय चाललं म्हणून इमारतीत चालेल असं धरू नका. गच्ची आणि पंपरूम यांच्यामध्ये सात-आठ स्लॅब असतात आणि सोसायटीचा स्वतःचा राउटर बहुतेक ठिकाणी नसतोच. कुणा सभासदाच्या घरच्या वायफायवर यंत्र टांगलं की तो गावी जाताना राउटर बंद करून जातो. लोरा प्रकारचा, म्हणजे थोडीच माहिती पण लांबवर पाठवणारा रेडिओ भिंतींतून बरा जातो, आणि भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. वायर टाकायची तयारी असेल तर वायर उत्तम. फक्त गच्चीवरून खाली आलेली लांब वायर म्हणजे मे-जूनच्या गडगडाटात विजेला दिलेलं आमंत्रण. दोन्ही टोकांना सर्ज, म्हणजे विजेचा अचानक झटका, शोषणारे भाग आणि मध्ये ऑप्टोकपलर, म्हणजे थेट तारजोड न ठेवता प्रकाशाने निरोप पुढे देणारा भाग, यात काटकसर करू नका.

वायर किंवा रेडिओ, काहीही निवडलंत तरी कागदावर एक वाक्य लिहा: निरोप आलाच नाही तर यंत्राने काय करायचं? वायर उंदराने कुरतडली, बॅटरी संपली, तर पंप चालू ठेवायचा की बंद करायचा? मी पंप बंद करून लाल दिवा लावतो, आणि वॉचमन मॅन्युअलवर टाकू शकतो. तुमचं उत्तर वेगळं असू शकेल. पण उत्तर नसलेलं यंत्र सोसायटीत लावू नका.

एक सॅम्पल झालं की पन्नासवर उडी घेण्याचा मोह होतो. मध्ये पाचचा टप्पा घ्या. पाच नग, पाच वेगळ्या इमारतींत, आणि निदान एक पूर्ण पावसाळा. हे पाच नग फुकट देऊ नका, निदान सामानाचा खर्च तरी घ्या. फुकट वस्तू बिघडली तर कुणी कळवत नाही. पैसे दिलेला माणूस तक्रार करतो, आणि या टप्प्यावर तुम्हाला तक्रारच हवी असते.

त्या पाच नगांत काय दिसेल ते माझ्या अनुभवावरून सांगतो. पंपाचा कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा विजेवरचा स्विच) सुटताना त्याच्या कॉइलमधून व्होल्टेजचा झटका येतो आणि तुमचा मायक्रोकंट्रोलर रिसेट होतो. टेबलावर हे कधीच दिसत नाही, कारण टेबलावर तुम्ही रिलेने एलईडी लावता. कॉइलवर तो झटका शोषणारा रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर टाका, आणि अडकलेला प्रोग्राम आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर चालू ठेवा. गच्चीवरच्या खोक्यात मे महिन्यात हात लावता येणार नाही इतकी उष्णता होते. तिथे ८५ अंशांपर्यंत चालणारे कपॅसिटर लावू नका, १०५ चे लावा. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आणि पाणी. आयपी६७ लिहिलेलं खोकं म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणारं, पण ते खोकं भोक न पाडता. तुम्ही वरच्या बाजूला भोक पाडून वायर आत घेतलीत की तो आकडा संपला. वायर नेहमी खालून, ग्लँडमधून घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकाला गळून पडतं. एका जून महिन्यात मी एक खोकं उघडलं. आत पाण्याचा टिपूस नव्हता, तरी यंत्र बंद. टर्मिनलवर पाल आडवी पडली होती, दोन फेजच्या मध्ये. न वापरलेल्या एका भोकाला बूच लावायचं राहिलं होतं. त्या दिवसापासून आमच्या तपासणीच्या कागदावर शेवटची ओळ आहे: रिकामी भोकं बुजवली का?

हे पाच नग तुम्ही स्वतः बसवू नका. इलेक्ट्रिशियनला खोकं, स्क्रू आणि एक पानाचा मराठी-हिंदी कागद द्या आणि लांब उभे राहा. तोंड उघडू नका. तो जिथे थांबतो, खोकं उलटसुलट करून पाहतो, तिथे तुमचं डिझाइन अपुरं आहे. मी एकदा एका माणसाला सेन्सरची वायर २३० व्होल्टच्या टर्मिनलवर लावताना पाहिलं, कारण दोन्ही टर्मिनल सारखीच हिरवी होती. दुसऱ्या लॉटमध्ये एक काळं आणि दुप्पट मोठं घेतलं. हे ड्रॉइंगवर सुचलं नसतं.

आता डाय. पहिल्या दोनशे नगांपर्यंत डाय करूच नका. बाजारात एबीएस आणि पॉलिकार्बोनेटची तयार खोकी अनेक मापांत मिळतात. आपला पीसीबी (सर्किटची पाटी) खोक्याच्या मापाचा बनवा, खोकं पीसीबीच्या मापाचं नको. वागळेत पत्र्याचं पावडर कोटिंग केलेलं खोकंही थोड्या नगांत करून मिळतं, फक्त धातूच्या खोक्यातून रेडिओ बाहेर पडत नाही, अँटेना बाहेर काढावी लागते. स्वतःचा आकार हवाच असेल तर सिलिकॉनच्या साच्यात ओतून एका साच्यातून पंधरा-वीस नग निघतात. थ्रीडी प्रिंट हातात धरून पाहायला चांगली, पण पीएलएची (अशा प्रिंटसाठी नेहमी वापरतात त्या प्लास्टिकची) वस्तू गच्चीवर ठेवू नका, ती ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. डायचा खर्च आकार, पोलाद आणि पोकळ्यांच्या संख्येवर ठरतो, म्हणून आकडा ड्रॉइंग पाहिल्याशिवाय सांगणं योग्य नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विसंबू नका. डाय करायची वेळ येईल तेव्हा भिंतीची जाडी सगळीकडे सारखी ठेवा, उभ्या बाजूंना निदान एक अंशाचा उतार द्या, आणि आतल्या रिब (मजबुतीसाठीच्या पट्ट्या) भिंतीच्या निम्म्याहून फार जाड करू नका, नाहीतर बाहेरून खड्डा दिसतो. पोलाद एकदा कापलं की त्यात बदल करणं महाग पडतं. पाच इमारतींतून आलेल्या दुरुस्त्या आधी खोक्यात उतरू द्या.

पेटंट. पातळी पाहून पंप बंद करणं ही जुनी गोष्ट आहे, फ्लोट स्विच कित्येक वर्षं तेच करतो. त्यावर पेटंट मिळणार नाही. निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रामलाही भारतीय पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(के)खाली पेटंट नाही. पण पाच नग लावताना एखादी खरी नवी रचना सापडली, तर ती कुठेही जाहीर करण्याआधी, प्रदर्शनात मांडण्याआधी, प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करा. व्यक्तीला ऑनलाइन भरायची फी १,६०० रुपये आहे. त्यानंतर पूर्ण तपशील दाखल करायला बारा महिने मिळतात, आणि पेटंट मिळालंच तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण त्यासाठी तिथे जावं लागत नाही. मुंबईत जन्मलेल्या शंकर आबाजी भिसे यांनी (१८६७-१९३५) छपाईची अक्षरं ओतणारं भिसोटाइप यंत्र बनवलं, त्याला सर रतन टाटांचं भांडवल मिळालं, तरी त्या यंत्राचा मोठा धंदा उभा राहिला नाही. त्यांच्या बुद्धीपुढे मी हात जोडतो. पेटंटच्या कागदापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत किती अंतर असतं, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की कळतं. तुमच्या बाबतीत मी आधी नावाचा ट्रेडमार्क करीन. सोसायटीवाले एकमेकांना नाव सांगतात, सर्किट नव्हे.

सरकारी बाजू थोडक्यात. २३० व्होल्टपासूनचा वीजपुरवठा स्वतः बनवू नका, बीआयएस नोंदणीचा तयार घ्या. रेडिओसाठी ईटीए, म्हणजे रेडिओ उपकरणाची सरकारी मान्यता, मिळालेला मॉड्यूल निवडा. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीचा फोन छापणं २०११ च्या वैधमापन नियमांनी बंधनकारक आहे. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. चाचण्यांसाठी चुनाभट्टीची इडेमी आणि अंधेरी एमआयडीसीतली ईआरटीएल या सरकारी प्रयोगशाळा आपल्याला जवळच्या आहेत.

किंमत ठरवताना नवखा माणूस सुटे भाग जोडून त्यावर थोडा नफा लावतो. समजा सुटे भाग १,४०० रुपयांचे आहेत. खोकं, वायरिंग आणि जोडणीचे ४००. शंभरात पाच नग परत येतील हे धरून त्यांचा खर्च. बसवायला जाणाऱ्याचे ५००, आणि वर्षभरात निदान एक फेरी, तिचे पुन्हा ५००. डीलरचा वाटा. त्यावर १८ टक्के जीएसटी, ज्याची वजावट बहुतेक सोसायट्यांना मिळत नाही. म्हणजे ५,५०० ते ६,००० च्या खाली हे यंत्र तुम्ही तोट्यात विकाल. घाबरू नका, मोटरच्या एका रिवाइंडिंगचं बिल शेजारी ठेवलं की कमिटीला हा आकडा समजतो. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून कोटेशन जुलै-ऑगस्टमध्ये सेक्रेटरीच्या हातात पडू द्या, ऑक्टोबरमध्ये दिलेलं पुढल्या वर्षावर जातं. आणि धीर धरा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर सुरुवातीला पडून राहिले होते, कारण लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटे. तुमच्याही यंत्राबद्दल कुणीतरी म्हणेल की यामुळे मोटर जळते. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला करंटची नोंद दाखवा.

नोकरी आत्ता सोडू नका. पाच नगांच्या टप्प्यात शनिवार-रविवार आणि रोज संध्याकाळचा तास पुरतो, पगार तुमचं भांडवल आहे. ज्यांना तुम्ही ओळखत नाही अशा दहा सोसायट्यांनी पैसे देऊन यंत्र घेतलं, आणि त्यातल्या निदान दोघांनी तुम्ही न विचारता तिसरीला नाव सांगितलं, तेव्हा हा विषय पुन्हा काढू. तोवर एखादा पार्टनर शोधा, ज्याला पंपरूममध्ये बसायला आवडतं. तुम्हाला कोड लिहिता येतो. स्टार्टर उघडून फेज ओळखणारा माणूस तुमच्याकडे अजून नाही.

या आठवड्यात करायचं एवढंच: कळवा किंवा खारेगावात एक अनोळखी सोसायटी गाठा, सेक्रेटरींची परवानगी घ्या आणि पंपरूमची नोंदवही मागा. मोटर किती वेळा गेली, कुठल्या महिन्यात, बिल किती, हे उतरवून काढा. वही नसेल तर वॉचमनला विचारा, त्याला तारखा पाठ असतात. अशा चार सोसायट्यांचे कागद आणि तुमचं बादलीतलं यंत्र घेऊन रबाळेला या. शनिवारी दुपारी गाळ्यावर गर्दी कमी असते. कॉन्टॅक्टर लावलेला एक पंप तिथे कायम जोडलेला आहे, त्याच्यावर तुमचं यंत्र चालू-बंद करून किती वेळा रिसेट होतं ते मोजू.